गट सोडायचा, पण कितीला? सार्वभौमत्व आणि आर्थिक किंमत यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०१६ साली युरोपीय संघातून बाहेर पडायचं (म्हणजेच ब्रेक्झिट) की आत राहायचं यावर ब्रिटनमध्ये सार्वमत झालं, तेव्हापासून हे प्रश्न येत राहिले आहेत. काही भाबडे असतात, काही मुद्दाम खोचक. उत्तरं जिथे एकमेकांत गुंततात तिथे पुन्हा तेच न लिहिता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ब्रिटनची उदाहरणं जास्त आहेत, कारण एवढी मोठी अर्थव्यवस्था एवढ्या घट्ट गटातून बाहेर पडल्याचा दुसरा दाखला नाही. पण विषय एकट्या ब्रिटनचा नाही.

१. व्यापारी गट म्हणजे नेमकं काय? सगळे गट सारखेच असतात का?

नाही, आणि बराचसा घोळ इथूनच सुरू होतो. सर्वांत सैल प्रकार म्हणजे मुक्त व्यापार करार. त्यात सभासद एकमेकांच्या मालावरची जकात काढतात, पण बाहेरच्यांवर किती लावायची हे ज्याचं तो ठरवतो. त्याच्या पुढची पायरी सीमाशुल्क संघाची. तिथे बाहेरच्यांसाठीही सगळ्यांचा दर एकच असतो, त्यामुळे जकातीबाबत एकट्यानं तिसऱ्या देशाशी करार करायची मुभा संपते. तिसरी पायरी एकल बाजारपेठेची: मालाचे नियम एक, माणसं, पैसा आणि सेवा यांना वाट मोकळी, आणि वाद झालाच तर निवाड्याला एकच न्यायालय.

अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा करार पहिल्या पायरीवर आहे. दक्षिण अमेरिकेतला मर्कोसूर दुसऱ्या पायरीवर आहे, निदान कागदावर तरी. युरोपीय संघ तिसऱ्या पायरीवर. गट जितका घट्ट, तितके अधिकार जास्त दिलेले असतात आणि सोडताना चामडीही तितकीच सोलून निघते. उत्तर अमेरिकेच्या करारातून सहा महिन्यांच्या नोटिशीवर बाहेर पडता येतं. ब्रिटनला सार्वमतापासून एकल बाजारपेठ प्रत्यक्ष सुटेपर्यंत साडेचार वर्षं लागली.

२. देश सार्वभौम आहे म्हटल्यावर गटात गेल्यानं ते सार्वभौमत्व जातं कुठे?

जात नाही, वाटून घेतलं जातं. पण वाटणी खरी असते, नावापुरती नसते. ब्रिटिश संसदेनं १९८८ मध्ये जहाजनोंदणीचा कायदा केला. स्पॅनिश मालकांच्या बोटी ब्रिटनमध्ये नोंद करून ब्रिटनच्या वाट्याचे मासे पकडत होत्या, त्यांना रोखणं हा हेतू. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं आणि शेवटी खुद्द ब्रिटिश न्यायाधीशांनी आपल्याच संसदेचा कायदा बाजूला ठेवला. जिथे ‘संसद सर्वोच्च’ हे घटनेचं पहिलं वाक्य मानलं जातं, तिथे हे कुणाला टोचलं असेल तर ते दुखणं काल्पनिक म्हणता येत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेत, म्हणजे सभासद देशांच्या मंत्र्यांच्या बैठकीत, बहुतेक विषयांवर ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या एवढं पाठबळ लागतं. म्हणजे तुमच्या इच्छेविरुद्ध नियम होऊ शकतो, पण इतरांच्या देशात लागू होणाऱ्या नियमावर तुमचाही हात असतो. बाहेर पडल्यावर पहिली अडचण जाते आणि दुसरी सोयही जाते.

म्हणून मी हा शब्द नेहमी दोन तुकड्यांत वापरतो: कायद्यानं निर्णय घ्यायचा अधिकार, आणि घेतलेल्या निर्णयानं परिस्थिती बदलायची ताकद. गट सोडला की पहिला नक्की वाढतो. दुसरी वाढेलच असं नाही.

३. ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात तर जकात शून्यच राहिली. मग खर्च आला कुठून?

कागदांतून. डिसेंबर २०२० मध्ये झालेल्या करारानं जकात आणि कोटा दोन्ही काढले, हे खरं. पण शून्य जकात मिळते ती ‘आमचा’ माल असेल तर, आणि माल कुणाचा हे सिद्ध करावं लागतं. एका मोठ्या ब्रिटिश दुकानसाखळीची डुकराच्या तोंडाच्या आकाराची एक गोळी लोकप्रिय आहे. ती बनते जर्मनीत. जर्मनीतून ब्रिटनच्या गोदामात येते तेव्हा जकात नाही. तीच पेटी पुढे युरोपीय संघातल्या आयर्लंडच्या दुकानात पाठवली की मात्र जकात लागू शकते, कारण ती ब्रिटनमध्ये बनलेली नाही आणि ब्रिटनमध्ये तिच्यावर काही प्रक्रियाही झालेली नाही. युरोपात बनलेली गोळी युरोपातच परत जातेय, तरी.

खाण्याच्या मालाची कथा याहून किचकट. चीजचा एक ट्रक फ्रान्सला पाठवायचा तर जकातीचा प्रतिज्ञालेख, मालाचा सांकेतिक क्रमांक, मूळ देशाचं निवेदन, आणि वर पशुवैद्यानं सही केलेलं आरोग्य प्रमाणपत्र. ट्रकमध्ये पाच छोट्या उत्पादकांचा माल एकत्र असेल तर प्रत्येकाचे कागद वेगळे, आणि एकाच्या फॉर्मवर चूक निघाली की उरलेले चारही सीमेवर थांबतात. मोठी कंपनी यासाठी एक विभाग उभा करते. दोन-चार माणसांच्या डेअरीचा मालक हिशेब करतो आणि निर्यातच बंद करतो. जानेवारी २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या हूक ऑफ हॉलंड बंदरावर सीमाशुल्क अधिकारी ब्रिटनहून आलेल्या ट्रकचालकांची हॅम घातलेली सँडविचेस काढून घेताना टीव्हीवर दिसले. बाहेरच्या देशातून मांस आणायला बंदी, आणि ब्रिटन आता बाहेरचा देश. नियमात काडीचाही बदल झालेला नव्हता, ब्रिटनची जागा तेवढी बदलली होती.

४. एक आकडा सांगा: ब्रिटनला किती फटका बसला?

सर्वांत जास्त उद्धृत होणारा अंदाज ब्रिटनच्या अधिकृत पण स्वायत्त अर्थसंकल्प कार्यालयाचा आहे. आत राहिले असते तर जी झाली असती, तिच्यापेक्षा दीर्घकालीन उत्पादकता सुमारे ४ टक्क्यांनी कमी, आणि आयात-निर्यात मिळून व्यापार सुमारे १५ टक्क्यांनी कमी. याचा अर्थ अर्थव्यवस्था ४ टक्क्यांनी आकसली असा नाही. ती वाढते आहे, पण जिथे पोचली असती त्याच्या मागे आहे. अडीच लाख कोटी पौंडांच्या आसपासच्या अर्थव्यवस्थेत ४ टक्के म्हणजे ढोबळ मानानं वर्षाला १० हजार कोटी पौंड, हळूहळू साचत जाणारे.

हे मोजमाप ‘जे घडलं नाही’ त्याच्याशी तुलना करून होतं, त्यामुळे त्यावर वाद राहणारच. त्यात कोविड आणि युक्रेन युद्ध याच काळात आलं. डिसेंबर २०२० मध्ये केंट परगण्यात मॅन्स्टनच्या जुन्या विमानतळावर हजारो ट्रक अडकल्याची छायाचित्रं आजही ब्रेक्झिटच्या नावावर फिरतात. ती रांग फ्रान्सनं विषाणूच्या नव्या प्रकारामुळे सीमा बंद केली म्हणून लागली होती. ब्रेक्झिटच्या विरोधकांनी निदान हे छायाचित्र तरी वापरू नये.

५. २०१६ मध्ये तज्ज्ञांनी लगेच मंदी येणार म्हणून घाबरवलं. ती आलीच नाही. आता त्यांचं का ऐकायचं?

तक्रार रास्त आहे. ब्रिटनच्या अर्थखात्यानं मे २०१६ मध्ये भाकीत केलं होतं की ‘बाहेर’ला कौल मिळाला तर लगोलग मंदी येईल आणि सुमारे ५ लाख लोकांचं काम जाईल. उलट पुढच्या काळात रोजगार वाढला. त्या अहवालानं दीर्घकालीन अंदाजांचीही पत घालवली.

पण दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात घालू नयेत. धक्क्याचा अंदाज लोक उद्या कसे वागतील यावर अवलंबून असतो आणि तो बहुधा फसतो. अडथळे वाढले की व्यापार कमी होतो आणि व्यापार कमी झाला की उत्पादकता मंदावते, हा दीर्घकालीन अंदाज पुष्कळ देशांच्या पुष्कळ वर्षांच्या आकड्यांवर उभा आहे. शिवाय एक गोष्ट तत्काळ घडलीच: निकालाच्या रात्री पौंड डॉलरच्या तुलनेत १९८५ नंतरच्या नीचांकाला गेला. आयात महागली, आणि त्याची झळ ‘बाहेर’ आणि ‘आत’ दोन्ही बाजूंच्या मतदारांना सारखीच लागली.

६. गटाला द्यावी लागणारी वर्गणी वाचते, ती जमेत का धरत नाही?

धरायलाच हवी. मात्र निव्वळ रक्कम धरावी. प्रचारात आठवड्याला ३५ कोटी पौंड हा आकडा बसवर रंगवला गेला. तो ढोबळ होता, कारण १९८४ पासून ब्रिटनला मिळणारी सूट त्यातून आधीच वळती होत असे आणि पुढे शेती-संशोधनासाठी पैसे परतही येत. सगळं वजा करून वर्षाला साधारण ८०० ते ९०० कोटी पौंड उरत. रक्कम छोटी नाही.

आता प्रश्न ४ मधल्या आकड्याशेजारी ती ठेवा. जीडीपीच्या साधारण एकतृतीयांशाएवढा कर ब्रिटनमध्ये गोळा होतो. १० हजार कोटींची तूट खरी मानली तर तिजोरीतला खड्डाच ३ हजार कोटींच्या वर जातो. अंदाज निम्म्यानं चुकीचा निघाला तरी वर्गणीची बचत त्यात बुडते. आणि निघताना आधीच्या देण्यांपोटी सुमारे ३५०० ते ३९०० कोटी पौंडांचा हिशेब चुकता करावा लागला, तो वेगळाच.

७. परत मिळालेल्या अधिकारांचा खरंच उपयोग झाला का?

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा. किंमत मोजून घेतलेला अधिकार फडताळात पडून राहिला, तर त्या किमतीचं काय करायचं?

काही अधिकार वापरले गेले. पाळीच्या सॅनिटरी वस्तूंवर युरोपीय नियमांनुसार शून्य व्हॅट लावता येत नव्हता. १ जानेवारी २०२१ ला ब्रिटननं ५ टक्के व्हॅट काढून टाकला. (पुढच्याच वर्षी युरोपीय संघानंही नियम बदलून शून्य दराची मुभा दिली, पण ब्रिटननं वाट पाहिली नाही हे खरं.) एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेनं जगावर आयातशुल्क लावलं तेव्हा ब्रिटनला १० टक्के आणि युरोपीय संघाला २० टक्के जाहीर झाले, जुलैतल्या समझोत्यानंतर संघाचा दर १५ टक्क्यांवर आला. स्वतंत्र व्यापारधोरणाचा हा हातात दाखवता येणारा फायदा.

काही अधिकार घेतले आणि खाली ठेवले. माल युरोपीय निकषांत बसतो हे सांगणाऱ्या ‘सीई’ खुणेऐवजी ब्रिटिश खूण सक्तीची करायची होती. मुदती पुढे ढकलत शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये बहुतेक मालासाठी युरोपीय खूण बेमुदत मान्य केली. कारण साधं आहे: एकाच यंत्रावर दोन खुणांसाठी दोनदा चाचणी कोण करणार? रसायनांची स्वतंत्र नोंदवही उघडली, तिच्या मुदतीही लांबतच गेल्या. युरोपातून वारशानं आलेले कायदे २०२३ अखेर सरसकट रद्द होतील अशी तरतूद विधेयकात होती. प्रत्यक्षात सुमारे ६०० कायदे रद्द झाले आणि त्यांतले कित्येक तसेही निरुपयोगी होते. युरोपातून येणाऱ्या अन्नमालाची तपासणी स्वतःच्या सीमेवर करायचा अधिकार ब्रिटनला २०२१ पासून होता. दुकानांत टंचाई होईल या भीतीनं तो वापरायला २०२४ उजाडलं.

काही अधिकार तर मुळात गेलेलेच नव्हते. डिसेंबर २०२० मध्ये फायझरच्या कोविड लशीला ब्रिटननं सर्वांआधी मंजुरी दिली, ती ब्रेक्झिटमुळे असं अजून सांगितलं जातं. त्या दिवशी ब्रिटनला युरोपीय औषधनियम लागूच होते. आणीबाणीत देशानं स्वतः मंजुरी द्यायची सोय त्या नियमांतच होती. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या लोकांवरचं नियंत्रणही ब्रिटनकडेच होतं. मुक्त वावर संपल्यावर स्थलांतर घटेल असं मतदारांना वाटलं. २०२३ च्या सुमाराला निव्वळ आकडा वर्षाला ९ लाखांच्या वर गेला आणि नंतरच उतरू लागला. नियंत्रण हाती येणं आणि आकडा कमी होणं यांत सरकारचा निर्णय आडवा असतो. तेवढा दोष मात्र गटावर ढकलता येत नाही.

८. जगभरात नवे करार करून तूट भरून निघत नाही का?

फारशी नाही. ब्रिटन १५ डिसेंबर २०२४ ला प्रशांत महासागराभोवतीच्या सीपीटीपीपी करारात सामील झाला. सरकारच्याच अंदाजानुसार त्यातून जीडीपीत भर ०.१ टक्क्याहूनही कमी. भारताशी २४ जुलै २०२५ ला झालेल्या कराराचा अंदाज सुमारे ०.१३ टक्के. करार वाईट नाहीत. अंतर आडवं येतं. व्यापार जवळच्याशी आणि मोठ्याशी जास्त होतो, हे अर्थशास्त्रातल्या सर्वांत टिकाऊ निरीक्षणांपैकी एक. बंदरापलीकडे ४५ कोटींची बाजारपेठ असताना तिच्या बदल्यात दहा हजार किलोमीटरवरची बाजारपेठ म्हणजे दुधाची तहान ताकावर.

९. सार्वभौमत्वाची किंमत पैशात लावता येते का?

थेट नाही. पण ‘अमूल्य’ म्हणून मोकळं होणंही मला पटत नाही. अमूल्य म्हटलं की कुणीही तिच्या नावावर कितीही बिल फाडू शकतो.

आधी हे मान्य करू की जीडीपीचं मोजमाप इथे अपुरं आहे. वसाहतींनी स्वातंत्र्य मागितलं तेव्हा ‘व्यापार किती बुडेल’ हा युक्तिवाद राज्यकर्ते करत आणि लोक तो फेटाळत. लोकांना गणित येत नव्हतं असं नाही. आपले कायदे आपण निवडलेल्या, आणि आपल्याला हाकलता येणाऱ्या माणसांनी करावेत, यासाठी ४ टक्के मोजायला कुणी तयार असेल तर अर्थतज्ज्ञानं त्याला मूर्ख म्हणायचं कारण नाही. ती त्याची निवड. अर्थतज्ज्ञाचं काम बिल दाखवण्याचं.

मात्र बिल दाखवताना तीन गोष्टी विचाराव्या लागतात. कोणता निर्णय परत हवा आहे, त्याचं नाव घ्या. ‘सगळेच’ हे उत्तर नसतं. पेट्रोलच्या गुणवत्तेचा नियम परत आणण्यासाठी कुणी रस्त्यावर उतरत नाही. तो निर्णय परत मिळाल्यावर आपण वेगळा घेणार आहोत का? घेणार नसलो तर प्रश्न ७ मधल्या ‘सीई’ खुणेसारखी गत होते. आणि तो निर्णय घेतला तर समोरचा काय करेल? ब्रिटिश शिंपल्यांच्या व्यावसायिकांना हे फार जवळून कळलं. मासेमारी हा सार्वभौमत्वाचा झेंडा होता, अर्थव्यवस्थेत तिचा वाटा जेमतेम ०.१ टक्का असला तरी. समुद्र परत मिळाला, पण काही किनाऱ्यांवरचे जिवंत शिंपले आधी शुद्धीकरण केल्याशिवाय युरोपात विकता येईनात, कारण गटाबाहेरच्या देशांना तो नियम पूर्वीपासूनच होता. पाणी आपलं, शिंपला आपला, गिऱ्हाईक मात्र परक्याच्या नियमानं चालणारं.

आणखी एक: किंमत मोजणारा आणि अधिकार मिळवणारा एकच असतो असं नाही. अधिकार मिळतो संसदेला, म्हणजे व्यवहारात त्या वेळच्या सरकारला. नोकरी जाते ती सुट्या भागांच्या कारखान्यातल्या माणसाची. दोघांचं वजन एकाच तराजूत घालून ‘देशानं काय कमावलं’ म्हणणं मला नेहमी थोडं चलाखीचं वाटतं, मग ते कुठल्याही बाजूनं असो.

१०. मधला मार्ग का नाही? नॉर्वे किंवा स्वित्झर्लंडसारखा?

मधले मार्ग आहेत, पण पैसा वाचतो तिथे अधिकार जातो. नॉर्वेच्या मतदारांनी १९७२ आणि १९९४ अशी दोनदा सभासदत्वाला ‘नाही’ म्हटलं. तरी १९९४ पासून तो एकल बाजारपेठेत आहे. शेती-मासेमारी बाहेर, बाकी नियम युरोपचे, त्यावर मत नाही, आणि पैसेही द्यायचे. नकाराचा अधिकार कागदावर आहे. टपालसेवेच्या एका निर्देशाबाबत २०११ मध्ये नॉर्वेनं तो वापरायचं ठरवलं. २०१३ मध्ये सरकार बदललं आणि विषय मिटला.

स्वित्झर्लंडनं फेब्रुवारी २०१४ मध्ये ५०.३ टक्क्यांनी स्थलांतरावर मर्यादा घालायचा कौल दिला. लगेच संशोधन आणि विद्यार्थी-देवाणघेवाण यांतला त्याचा सहभाग अडला. शिवाय करार अशा रीतीनं एकत्र गुंफलेले होते की एक तोडला तर बाकीचेही पडतील. शेवटी संसदेनं कौलाची धार बोथट करणारा कायदा केला, आणि २०२० मध्ये मुक्त वावर संपवायचा प्रस्ताव मतदारांनीच फेटाळला.

तुर्कीची अवस्था मला सगळ्यांत अडचणीची वाटते. १९९५ च्या अखेरीपासून तो युरोपीय संघाशी औद्योगिक मालापुरत्या सीमाशुल्क संघात आहे, सभासद नाही. संघानं तिसऱ्या देशाशी मुक्त व्यापार करार केला की त्या देशाच्या मालावरची जकात तुर्कीलाही कमी करावी लागते. पण तो देश तुर्की मालाला तशी सवलत द्यायला बांधील नसतो. बोलणी दुसऱ्यानं करायची आणि आपलं दार उघडून ठेवायचं.

११. गट सोडून कुणाचं भलं झाल्याचं उदाहरण आहे का?

आहे: ग्रीनलंड. १९७२ च्या सार्वमतात तिथल्या सुमारे ७० टक्के लोकांनी विरोध केला, तरी डेन्मार्कबरोबर त्याला युरोपीय समुदायात जावं लागलं. १९७९ मध्ये स्वशासन मिळालं, १९८२ मध्ये सुमारे ५३ टक्क्यांनी बाहेर पडायचा कौल दिला आणि १ फेब्रुवारी १९८५ ला ते बाहेर पडलं. समुदायाचं क्षेत्रफळ एका दिवसात निम्म्याहून कमी झालं!

ते जमलं, कारण मागणी एकच होती आणि तिला नाव होतं: मासे. ग्रीनलंडची निर्यात जवळजवळ सगळी माशांची. युरोपीय बोटींना तिथले मासे हवे होते, ग्रीनलंडला युरोपची बाजारपेठ. करार असा ठरला की ग्रीनलंडचे मासे जकातीशिवाय युरोपात जातील आणि युरोपीय बोटी पैसे देऊन ग्रीनलंडच्या पाण्यात उतरतील. समोरच्याला हवी असलेली वस्तू तुमच्याच ताब्यात असली की सार्वभौमत्व उत्पन्नही देतं. आणि तरी, जेमतेम पन्नासेक हजार वस्तीच्या, एका विषयाच्या या वाटाघाटींनाही सुमारे तीन वर्षं गेलीच.

१२. देशाच्या एखाद्या भागाला बाहेर पडायचंच नसेल तर?

तर सार्वभौमत्व नेमकं कुणाचं, हा प्रश्न घरातच उभा राहतो. २०१६ मध्ये एकूण ५१.९ टक्के ‘बाहेर’ होते. स्कॉटलंडमध्ये मात्र ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडमध्ये ५५.८ टक्के ‘आत’.

उत्तर आयर्लंडची गाठ सर्वांत अवघड. तिथला हिंसाचार थांबवणाऱ्या १९९८ च्या शांतता करारामुळे आयर्लंडच्या बेटावर पुन्हा तपासणीची चौकी कुणालाच नको होती. मग सीमा कुठे? ती समुद्रात सरकली: उत्तर आयर्लंड मालाबाबत युरोपीय नियमांत राहिला आणि तपासणी ब्रिटनच्या मुख्य बेटावरून येणाऱ्या मालाची सुरू झाली. एकाच देशाच्या दोन भागांत सीमाशुल्काचे कागद! त्याविरोधात तिथल्या सर्वांत मोठ्या संघवादी (ब्रिटनशी जोडलेलं राहावं म्हणणाऱ्या) पक्षानं फेब्रुवारी २०२२ पासून दोन वर्षं प्रांतिक सरकार चालू दिलं नाही. २०२३ च्या विंडसर समझोत्यानं उत्तर आयर्लंडमध्येच राहणाऱ्या मालाला हिरवी मार्गिका मिळाली आणि पुढे आयर्लंडमध्ये जाऊ शकणाऱ्याला लाल. देशाला पूर्ण अधिकार परत मिळवून द्यायला निघालेल्या सरकारनं, ते साधण्यासाठी देशाच्या एका तुकड्यावरचा अधिकार अर्धवट ठेवला.

१३. बाहेर पडूनही आत राहता येतं का?

पश्चिम आफ्रिकेत सध्या तेच चालू आहे. माली, बुर्किना फासो आणि नायजर इथल्या लष्करी राजवटी २९ जानेवारी २०२५ ला इकोवास गटातून बाहेर पडल्या. कारण व्यापाराचं नव्हतं. लष्करी उठावांनंतर इकोवासनं निर्बंध घातले होते, आणि सार्वभौमत्वाची भाषा त्याविरोधात होती. पण तिन्ही देश सीएफए फ्रँक हे चलन वापरणाऱ्या युएमोआ या आतल्या गटात राहिले, आणि तोही सीमाशुल्क संघच आहे. म्हणजे सेनेगल आणि आयव्हरी कोस्टशी जकातमुक्त व्यापार चालू, नायजेरिया आणि घानाशी नातं अधांतरी. तिन्ही देशांना समुद्रकिनारा नाही. माल आबिदजान, लोमे, डाकार, कोतोनू अशा बंदरांतून येतो. इकोवासनंही पुढची सूचना येईपर्यंत त्यांचे पासपोर्ट आणि माल मान्य करायचं ठरवलं. मार्च २०२५ मध्ये या तिघांनी आपल्या तिघांबाहेरून येणाऱ्या मालावर ०.५ टक्का कर बसवला. एवढा छोटा दर पाहिला की बंदराविना जगणाऱ्याचा हात किती आखडता असतो ते दिसतं.

१४. एकानं सोडण्याऐवजी गटच मोडला तर?

मग प्रश्न वाटण्यांचा होतो. पूर्व आफ्रिका समुदाय १९७७ मध्ये केनिया, टांझानिया आणि युगांडा यांच्या भांडणात कोसळला. रेल्वे, बंदरं, विमानसेवा सगळं सामायिक होतं, तेही फुटलं. केनिया एअरवेजचा जन्म त्याच वर्षीचा. टांझानियानं केनियाची सीमा बंद केली. पुन्हा समुदाय उभा राहायला २००० साल उजाडलं.

१५. मुळात सामील न होणं आणि सामील होऊन सोडणं, हिशेब एकच ना?

नाही. भारत नोव्हेंबर २०१९ मध्ये आशिया-प्रशांत देशांच्या आरसेप या व्यापार कराराच्या दारातून परतला, तेव्हा संधी गेली की धोका टळला यावर वाद घालता येतो, पण मोडायला काही नव्हतं. सोडणाऱ्याच्या बाबतीत कारखाने, पुरवठ्याच्या साखळ्या आणि लोकांचे संसार गटाच्या नियमांभोवती उभे राहिलेले असतात. रोप न लावणं वेगळं आणि चाळीस-पन्नास वर्षांचं झाड उपटणं वेगळं.

१६. नोटीस दिल्यावर मन बदललं तर? आणि नंतर परत जायचं असेल तर जुन्या अटी मिळतात का?

नोटीस मागे घेता येईल का हे त्या-त्या करारावर अवलंबून. युरोपीय न्यायालयानं डिसेंबर २०१८ मध्ये निकाल दिला की प्रत्यक्ष बाहेर पडेपर्यंत देश एकतर्फी नोटीस मागे घेऊ शकतो, आणि तीही जुन्या अटींवर.

बाहेर पडल्यावर मात्र नव्या अर्जदाराच्या रांगेत उभं राहावं लागतं आणि प्रत्येक सभासदाची संमती लागते. ब्रिटनला वर्गणीतली सूट होती, युरो न घेण्याची मुभा होती, सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या शेंगेन क्षेत्राबाहेर राहायची सवलत होती. त्या सगळ्या आत असताना, व्हेटो हातात धरून मिळवलेल्या. बाहेरून त्या मागता येतील, मिळण्याची शक्यता मला कमी दिसते. काही गट याबाबत सैल असतात: रवांडा २००७ मध्ये मध्य आफ्रिकेच्या आर्थिक समुदायातून बाहेर पडला, २०१६ मध्ये परतला आणि जून २०२५ मध्ये पुन्हा निघायची घोषणा केली.

ब्रिटन तुकड्यातुकड्यांनी परततो आहे. होरायझन या संशोधन कार्यक्रमात १ जानेवारी २०२४ पासून पैसे भरून सहभागी. मे २०२५ मध्ये युरोपीय बोटींना ब्रिटिश पाण्यात ३० जून २०३८ पर्यंत मासेमारी करू द्यायचं मान्य केलं. त्याच बैठकीत अन्नमालासाठी युरोपीय नियम, ते बदलतील तसे, पाळायचे आणि त्यांच्या अर्थाबाबत युरोपीय न्यायालयाचा शब्द शेवटचा मानायचा, अशा कराराची बोलणी सुरू करायचं ठरलं. बदल्यात हवंय काय, तर प्रश्न ३ मधल्या चीजच्या ट्रकला पशुवैद्याच्या सहीशिवाय फ्रान्समध्ये जाता यावं.